हौदातला भोपळा

एकदा एका वृद्ध वस्तादांच्या हाताखाली एक तरुण तंबोरे घडवायला शिकत होता. हात चांगला होता, वृत्ती सालस होती. चित्त मात्र कामात नव्हते. परदेशातल्या गिटार बनवणाऱ्या कारखान्यांना त्याने अर्ज धाडले होते, एक-दोन नव्हे, चांगले एकेचाळीस. बहुतेकांनी पोचही दिली नाही. एका ठिकाणाहून तेवढे दोन ओळींचे उत्तर आले, 'आपला अर्ज विचाराधीन आहे, लवकरच कळवू.' त्या 'लवकरच'ला आता दहा महिने होत आले होते.

नकार आला असता तर तो दोन दिवस रडून मोकळा झाला असता. आता रंधा खाली ठेवून तो घटकेघटकेला फोन पाही. तंबोऱ्याची नवी दांडी घडवायला हाती घेईना. ती पुरी होण्याआधीच बोलावणे आले तर? घरी म्हातारे वडील होते, आबा. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता आणि त्यांना जिल्ह्याच्या इस्पितळात ताबडतोब न्या, असे गावच्या डॉक्टरांनी बजावले होते. मुलगा म्हणे, मुलाखत कोणत्याही दिवशी लागेल, ती झाली की जाऊ. आबा बिचारे हो म्हणत. हल्ली ते भिंत चाचपत अंगणात येत, आणि पोराने ते पाहूनही न पाहिल्यासारखे केले होते.

वस्तादांच्या माळ्यावर वीस वर्षे जपलेला एक भोपळा होता. तसा घेर पुन्हा मिळायचा नाही, असे ते स्वतःच सांगत. एके सकाळी त्यांनी तो उतरवला आणि हौदात सोडला. तंबोऱ्याचा भोपळा कापण्याआधी भिजवून मऊ करतात, मग वेळेवर बाहेर काढून, तोंड कापून, आत काठ्यांचा ताण देऊन वाळवतात. चार दिवस गेले, सहा गेले. वस्ताद रोज हौदाशी येत, पाहत आणि माघारी फिरत. पंधराव्या दिवशी पाण्याला वास सुटला, तेव्हा शिष्याला राहवले नाही.

"वस्ताद, भोपळा कुजतोय. काढू का?"

"राहू दे. एका गवयांना तंबोरा हवाय. माप कळवतो म्हणालेत. कळवलं की कापू."

"ते कळवतील तेव्हा कळवतील. भोपळा थांबतो का तोवर?"

वस्तादांनी बाह्या सरसावून भोपळा उचलला. बोटे सालीत रुतली आणि आतून काळे पाणी गळले. वीस वर्षांची ठेव त्यांनी मातीवर ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता.

"लवकरच कळवू म्हणणाऱ्यांनी तुला थांब म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "थांबलास तो तू. आणि एकटा थांबला असतास तर मी बोललो नसतो. तू आबांनाही थांबवलंस. त्यांचा डोळा काही तुझ्या पत्रासाठी थांबत नाही. दोनदा तोंडाने सांगून पाहिलं, तुझ्या कानात शिरलं नाही. म्हणून हा घालवला."

शिष्य हात न धुताच घरी धावला.

जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तपासणीला फार वेळ घेतला नाही. डावा डोळा गेला होता, तो परत यायचा नव्हता. उजव्यात जेवढे उरले आहे तेवढे राखायचा प्रयत्न करू, म्हणाले. आधी का आणले नाही, असे त्यांनी विचारले. त्यावर आबाच घाईघाईने म्हणाले, की मीच टाळत होतो.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी बांधलेले आबा खाटेवर पडून होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "पत्र आलं का रे तुझं?"

"सकाळपासून पाहिलं नाही, आबा."

"अरे, बघ की. माझ्यापायी तुझा आजचा दिवस गेला."

शिष्याला मान वर करवेना. फोन खिशात होता, तो तिथेच राहिला. त्याने वडिलांचा हात हातात घेतला आणि पट्टी सुटेपर्यंत तिथून उठला नाही.