मालिनीबाईंचं कपाट

डोंगराच्या पायथ्याशी विद्यापीठाचं एक गाव होतं. तिथे त्र्यंबकराव नावाचे निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांच्या पत्नी मालिनीबाई शाळेत शिकवत. पाखरांवरची पुस्तकं हे बाईंचं वेड. वाचता वाचता त्या समासात पेन्सिलीने प्रश्न लिहायच्या आणि नवऱ्याला विचारायच्या, "अहो, तुम्हाला काय वाटतं?" त्र्यंबकराव वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, "बघू नंतर." ते नंतर काही आलं नाही. एका हिवाळ्यात मालिनीबाई गेल्या.

घर गप्प झालं. तोच प्रश्न पुन्हा एकदा ऐकायला मिळावा म्हणून त्र्यंबकरावांचा जीव तुटू लागला. बाईंचं नाव तरी राहावं म्हणून त्यांनी सगळी पुस्तकं विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिली. सोबत काचेचं कपाट दिलं, वर नावाची पाटी लावली आणि दानपत्रात अट घातली, की पुस्तकं कपाटाबाहेर देऊ नयेत. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. जन्मभर लोकांची पत्रं घरोघर पोचवली, त्या माणसाला एवढं कळू नये!

"मग पोरं वाचणार कशी?" ग्रंथपाल कदमबाईंनी विचारलं.

"पोरं पानं दुमडतात," त्र्यंबकराव म्हणाले.

दर गुरुवारी ते कपाटासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि काचेतून पुस्तकांकडे बघत राहायचे. अशी तीन वर्षं गेली. एका गुरुवारी त्यांना राहवेना. कुलूप काढून त्यांनी सुगरण पक्ष्यावरचं पुस्तक उघडलं. कसर लागली होती. समासातला प्रश्न अर्धा खाल्लेला होता. 'अर्धवट विणलेली घरटी तशीच का...' एवढंच उरलं होतं. त्र्यंबकरावांना रडू आवरेना.

कदमबाईंनी समोरच्या फळीवरचं एक पुस्तक आणून दाखवलं. त्याचे कोपरे झिजले होते, बांधणी दोनदा झाली होती आणि मागच्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के दाटीवाटीने बसले होते.

"हे सारखं कुणाच्या तरी हातात असतं," त्या म्हणाल्या. "याला कसर लागायला सवडच मिळत नाही."

त्र्यंबकरावांनी किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि दानपत्रातली अट स्वतःच्या हाताने खोडली. पुढच्या गुरुवारी सुगरणीचं पुस्तक जागेवर नव्हतं. ती फट पाहून त्यांना मालिनीबाई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं. तरी ते येत राहिले.

दोन-अडीच महिन्यांनी एक विद्यार्थिनी ते पुस्तक परत करायला आली. कदमबाईंनी कपाटासमोर बसलेल्या त्र्यंबकरावांकडे बोट दाखवलं.

"आजोबा, समासातला प्रश्न कुणाचा?"

"माझ्या बायकोचा."

"मी विहिरीवरच्या बाभळीजवळ रोज सकाळी बसून पाहिलं. नर अर्धं घरटं विणतो आणि मादीची वाट बघतो. तिला आवडलं तरच पुढचं विणतो. नाहीतर ते तसंच लोंबत राहतं. पण ती नेमकं काय बघून पसंत करते, ते मला कळलं नाही. तुम्हाला काय वाटतं?"

त्र्यंबकरावांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बस," ते म्हणाले. "आत्ताच बघू."

तात्पर्य: जिवलगाची आठवण कुलपात ठेवली तर ती कसरीच्या वाट्याला जाते, वाचणाऱ्याच्या हाती दिली तर ती पुन्हा आपल्याशी बोलू लागते.