केळीच्या सालीतलं तांबं

राजा चंडवर्म्याच्या टांकसाळीचं सांडपाणी ओढ्यात उतरू लागलं आणि खालच्या केळंब गावचं पाणी निळंशार झालं! गुरं तोंड लावेनात. माणसांना उमासे येऊ लागले. पाण्यात तांबं उतरतंय, अशी तक्रार घेऊन गावकरी दरबारात गेले.

प्रधानजी म्हणाले, "पाण्यात तांबं उतरलंय? भाग्यवान आहात! आम्हाला त्यासाठी तांब्याचे हंडे घ्यावे लागतात!"

दरबार खदखदून हसला. राजाने हुकूम सोडला, "तांबं असेल, तर महिन्याभरात काढून माझ्या हातावर ठेवा. खजिन्यातून कवडी मिळणार नाही. नाही जमलं, तर टांकसाळीची बदनामी केली म्हणून गाव सोडा!"

सगळे हवालदिल झाले. केळी विकणारी गोजरा मात्र विचारात पडली. म्हशीच्या पाण्याच्या डोणीत केळीच्या साली पडल्या, की पाण्याचा निळा रंग फिका पडतो, हे तिने पाहिलं होतं. तिने घरोघरच्या साली गोळा केल्या, धुऊन वाळवल्या, कुटल्या आणि बुडाला भोकं पाडलेल्या मडक्यांत भरल्या. मडक्यांची उतरंड रचून वरून ओढ्याचं पाणी ओतलं. खाली नितळ धार! म्हैस घटाघटा प्यायली.

महिना भरला. गोजरा त्या वापरलेल्या सालींची टोपली घेऊन दरबारात आली.

"महाराजांपुढे कचरा?" प्रधानजी कडाडले.

"थांबा की जरा!" गोजराने साली लिंबाच्या रसात भिजवल्या, पिळल्या आणि त्या रसात लोखंडाचा घासलेला खिळा बुडवला. घटकाभरात खिळ्यावर लालसर थर चढला. तिने तो राजाच्या तळहातावर ठेवला. "घ्या महाराज, तुमचं तांबं!"

राजाने नखाने खरवडून पाहिलं. तांबंच!

प्रधानजी लगेच पुढे सरसावले. "महाराज, हे तांबं सरकारी! गावाने कणन् कण जमा करावा!"

"करतो की!" गोजरा म्हणाली. "तांबं सरकारचं, तर ते ज्यातून आलं ते पाणीही सरकारचंच. कशाला गाळत बसायचं? उद्याच चर खणतो आणि टांकसाळीचं पाणी थेट राजवाड्याच्या हौदात सोडतो. तांबं घरपोच!"

प्रधानजींचा चेहरा पडला. राजा मात्र पोट धरून हसला!

"नको बाई, नको! आजपासून टांकसाळीचा थेंबही सालींतून गाळल्याशिवाय ओढ्यात जाणार नाही. आणि ओढ्याकाठची सरकारी केळीची बाग गोजराबाईंची!"