मागे ऐकू येतंय ना?

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला कादंबरीकार वत्सला घैसास पाहुण्या होत्या. भाषण संपवताना त्या म्हणाल्या, "पुस्तक वाचलंत की नेटवर दोन ओळी लिहा, तारे द्या. टुकार वाटलं तर टुकार लिहा, पण लिहा. तुम्ही गप्प बसलात की पुस्तक मरतं."

अध्यक्ष बापूसाहेब लोखंडे बसल्या जागेवरून गरजले, "ही तर भीक झाली, बाई! खऱ्या लेखकाला दाद लागत नाही."

वत्सलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच कादंबरीची फुकटची प्रत बगलेत मारून हा गृहस्थ मलाच भिकारी म्हणतो! त्यांनी माईक सोडलाच नाही. "मंडळी, आता अध्यक्षीय भाषण. कुणी हसू नका, मान डोलवू नका, टाळी तर नकोच. खऱ्या वक्त्यालाही दाद लागत नसणार."

दरवर्षीच्या त्या लांबलचक भाषणाला विटलेली मंडळी दगडासारखी बसली. बापूसाहेबांचा ठेवणीतला विनोद पडला, पाठ केलेला शेरही वाया गेला. त्यांनी घाम पुसला, माईकवर टकटक केली आणि शेवटी केविलवाण्या आवाजात विचारलं, "अहो, मागे ऐकू येतंय ना?"

"येतंय!" वत्सलाबाई कडाडल्या. "मीही वाचकांना एवढंच विचारलं होतं, तर तुम्ही मला भिकारी ठरवलंत!"