धुईत बोलणारी अनसाबाई

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. घाटात तेव्हा रस्ता नव्हता, नुसती बैलवाट होती. ती चढून आलेले तांडे जिथे पहिल्यांदा पाठीवरची ओझी उतरवत, ते गाव म्हणजे धारवंड. मूठभर घरं, एक लहानशी पेठ, मागे डोंगर आणि पुढे सपाट खडकाळ सडा. सडा जिथे संपतो तिथे कडा. कडा इतका खोल, की वरून टाकलेला दगड खाली पोचल्याचं कुणी कधी ऐकलं नाही, असं म्हणतात.

त्या गावात तुळाजी नालबंद आपलं बिऱ्हाड घेऊन आला. खाली देशावर पावसानं पाठ फिरवली होती. बैलच उरले नाहीत, मग नाल ठोकायचे कुणाला? इथे तांड्यांचे बैल होते. तुळाजीला काम मिळालं, पेठेच्या टोकाला एक खोपटं मिळालं. त्याच्यासोबत त्याची बायको अनसा होती आणि त्यांची लहानगी ठमी होती.

अनसा सपाट मुलखात वाढलेली. तिच्या गावचं पोर रुसून निघालं तरी पार शिवेपर्यंत पाठमोरं दिसायचं. इथे दाराबाहेर पडलं की जमीनच खाली जायची. त्यामुळे अनसाचं तोंड दिवसभर चालू असे. "ठमे, त्या शेवाळावर पाय देऊ नको. ठमे, डोकं झाकलंस का? ठमे, तोंडात काय आहे ते थुंक आधी."

पाण्यावरच्या बायकांना हे ऐकून हसू फुटायचं. त्यांच्यात शेजारची साऊकाकी मोठी तिखट जिभेची.

"अगं नालबंदीण, पोरगी हाय का शेळी? दावंच बांध की गळ्यात!"

अनसाही त्यांच्याबरोबर हसायची. नव्या माणसाला हसावंच लागतं. पण घागर घेऊन घरी येताना तिच्या मनात यायचं, खरंच फार होतं का आपलं? यांची पोरं वाढतातच की, न बोलता. मग ती ठरवायची, आजपासून गप्प राहायचं. हे ठरवणं ठमी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत टिकायचं.

आता धारवंडची एक रीत होती. कड्याखालून धुई, म्हणजे दाट धुकं, वर चढू लागली की अख्खा गाव तोंड मिटून घ्यायचा. देवळातल्या घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळायचे, बैलांच्या घुंगरांत गवत कोंबायचे. रडतं पोर पदराखाली घ्यायचे. कारण धुईत चकवा फिरतो. तो माणसाचा आवाज उचलतो आणि त्याच आवाजात कड्याकडून हाका मारतो, असं म्हणतात. जो बाहेर सापडला असेल त्यानं आहे तिथेच बसायचं. हाक मारायची नाही, हाकेला ओ द्यायची नाही.

ही रीत अनसाला कुणी सांगितली नाही. मुद्दाम लपवली असंही नव्हे. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते सांगायचं असतं, हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

पहिली धुई चढली तेव्हा ठमी अंगणात होती. डोळ्यांदेखत पोरगी पांढऱ्यात बुडाली आणि अनसा जिवाच्या आकांतानं ओरडली, "ठमेऽ!" ठमी होती हाताच्या अंतरावर. पण सगळ्या पेठेची दारं धाडधाड लागली. आणि त्याच धुईत एका तांड्याचा बैल दावं तोडून कड्यावरून गेला.

धुई विरल्यावर देवळाचा गुरव, दाजीबा, चार माणसं घेऊन खोपट्याशी आला. मोठा शांत माणूस. आवाज न चढवता म्हणाला, "तुळाजी, तू गुणी कारागीर. पण धुईत तुझ्या घरातनं पुन्हा आवाज आला, तर बिऱ्हाड उचलायचं."

तुळाजीनं मान हलवली. खाली परत जायला काय होतं? भेगाळलेली जमीन आणि कोरडी विहीर. त्या दिवसापासून धुई चढली की अनसा पदराचा बोळा तोंडात धरून बसायची. बायका तिच्याशी बोलत, पण तिची घागर आपल्या घागरीला लागू देत नसत.

असा पावसाळा सरत आला. भादवा लागला. गौरी यायच्या दिवशी गावच्या पोरी सड्यावर जाऊन तेरडा आणत. ज्या घरची पोर तेरड्याला जाते ते घर गावचं, असा तिथला समज. त्या सकाळी साऊकाकी अनसाच्या दारात आली. मागे पोरींचा घोळका होता.

"ठमीला धाड गं."

अनसानं ठमीला जवळ ओढलं. सडा म्हणजे कडा. पण नाही म्हणावं, तर पुन्हा असं बोलावणं येणार नाही. तिनं पोरीच्या डोक्याला फडकं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं.

"काकी, हात सोडू नका हो तिचा."

"बरं बाई. दावंच बांधते," साऊकाकी म्हणाली, पण या वेळी हसली ती मायेनं.

उन्हं डोक्यावर आली आणि कड्याखालून धुई चढली. तशी धुई त्याआधी कुणी पाहिली नव्हती, असं म्हणतात. ती आली ती भिंतीसारखी. आधी सडा गेला, मग देऊळ गेलं, मग शेजारच्या माणसाचं तोंड दिसेना. गावातली माणसं चाचपडत सड्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. पोरींच्या आया, बाप, दाजीबा गुरव. सगळे मुके. पोरी कुठेतरी आत बसल्या असतील, साऊकाकी शहाणी आहे, धुई विरेल, येतील. प्रत्येकजण मनातल्या मनात हेच घोकत होता.

धुई विरेना. गार वारं सुटलं. उजेड उतरणीला लागला.

आणि तेवढ्यात कड्याकडून आवाज आला.

"या गं पोरींनो. इकडं या. इकडं वाट हाय."

शांत, न चढवलेला आवाज. दाजीबाचा.

दाजीबा अनसाच्या बाजूलाच उभा होता. त्याचं कोपर तिला लागत होतं. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

तेव्हा अनसाला कळलं. इतकी वर्षं गाव गप्प राहिलं, पण चकव्याला काही कमी पडलं नव्हतं. गावातला एकेक आवाज त्याच्यापाशी आधीच होता. आणि सड्यावर पोरी आपल्या गुरवबाबांचा आवाज ऐकत होत्या. दगड घरंगळल्याचा बारीक खडखडाट झाला. कुणीतरी उठलं होतं.

बोलले तर हे गाव सुटतं. न बोलले तर? तिनं तोंडातला बोळा काढून टाकला.

"ठमे!"

अंधारात विस्तव पडावा तशी माणसं दचकली. कुणीतरी तिचा दंड धरला. आणि कड्याकडून लगेच, तिच्याच आवाजात, "ठमे!"

 आता आपल्याच आवाजामागे पोर जाणार. मग भीतीनं तिचं जे नेहमी व्हायचं तेच झालं. तिला थांबता येईना.

"ठमे, डोक्याचं फडकं सोडलंस ना? बांध आधी. ओल्या दगडावर पाय देऊ नको. पायानं चाचप, मग पाऊल टाक. काकीचा हात धर. डाव्या हातानं नाक पुसू नको, परकराला पूस. सकाळची भाकरी अर्धी टाकलीस ती मी पाहिली आहे. चिखल लागला तर लागू दे, मी काही बोलत नाही. परकराचा काचा खोच. ऐकतेस ना?"

कड्याकडचा आवाज मागे मागे धावू लागला. "डोक्याचं फडकं… ओल्या दगडावर…" अनसा थांबेना. त्याचा पहिला शब्द पुरा व्हायच्या आत तिचे पुढचे दहा निघालेले असत. आवाज अडखळला. "फडक्यावर पाय देऊ नको," तो म्हणाला. "दगड अर्धा टाकलास. भाकरीचा काचा खोच…"

आणि पांढऱ्या आतून एक लहानगं हसू ऐकू आलं.

"आये, ते येडं कोण बोलतंय गं?"

चकव्याला हाक पेलते, काळजी पेलत नाही, असं म्हणतात.

अनसानं दंडाला धरलेला हात झटकला नाही. तिनंच तो घट्ट पकडला. तो साऊकाकीच्या सुनेचा हात होता. "बोला!" ती ओरडली. "हाक मारू नका, बोला! तुमच्या पोरीला रोज काय काय बोलता ते बोला!"

 मग त्या सुनेच्या गळ्यातून आवाज फुटला, "कोंडे, वेणी सोडलीस तर बघ हां!" मग दुसरी, मग तिसरी. मग बाप्येही सुरू झाले. कुणी शेंबडावरून, कुणी काट्यावरून, कुणी कालच्या भांडणावरून. अख्खा धारवंड एका दमात बोलत होता. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं. कड्यावरचा आवाज या तोंडातून त्या तोंडात पळत सुटला, सगळ्यांचं सगळं एकमेकांत गुंतलं, पीळ पडला, आणि दोरी तुटावी तसा तो तुटला.

तेव्हा आईनं फणीनं भांग पाडावा तशी धुई मधोमध दुभंगली, असं म्हणतात. देवळापासून सड्यापर्यंत एक सरळ उघडी वाट झाली आणि दोन्ही बाजूंना धुई तशीच उभी राहिली. त्या वाटेनं पोरी आल्या. हातात तेरडा, गुडघ्यापर्यंत चिखल. पुढे ठमी होती, तिच्या डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. सगळ्यांत शेवटी साऊकाकी. ती सरळ अनसासमोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ निळे पडले होते.

"शेवटची पोर माझ्या हातातनं सुटून चार पावलं गेली होती," ती म्हणाली. "कड्याकडं. तुझं ते नाक-शेंबडाचं बोलणं ऐकून वळली."

मग ती तिथेच खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. धुईत, सगळ्यांसमोर. तिला कुणी गप्प केलं नाही.

दाजीबानं पुढे येऊन अनसाला हात जोडले. बोलायला गेला, पण त्याला स्वतःच्या आवाजाचीच भीती वाटत होती. म्हणून मग अनसाच बोलली. "बाबा, गारठलात हो. घोंगडं घ्या, घरी चला, चुलीपाशी बसा."

नालबंदाचं बिऱ्हाड धारवंडलाच राहिलं. अनसा म्हातारी होऊन गेली. शेवटच्या दिवशीही जमलेल्यांना उन्हात उभं राहू नका म्हणून सांगत होती, असं म्हणतात.

आता घाटात डांबरी रस्ता झाला आहे, गाड्या वर येतात. पण धुई अजून चढतेच, आणि ती चढली की धारवंडमध्ये आजही अनसाबाईच्या नावानं एक माणूस सड्याच्या तोंडाशी जातं आणि मोठ्यानं बोलू लागतं. पाय जपून टाका, लेकरांचे हात धरा, भिजला असाल तर डोकं पुसा. मग घराघरांतून बाकीचे सामील होतात. पहिलं कुणी बोलायचं, याचा मान ठरलेला आहे. पाटलाचा नाही, गुरवाचा नाही. गावात जे माणूस सगळ्यांत नवं, त्याचा. बदलून आलेली शिक्षिका असो, नवी नवरी असो, की कालच सामान उतरवलेलं एखादं बिऱ्हाड असो. त्याच्या दारावर थाप पडते आणि कुणीतरी म्हणतं, "चला, धुई आली. तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त भीती वाटत असेल. तुम्ही सुरू करा."