पुरणाची दुरडी आणि दमलेला बैल

एकदा एक बाई मरणाच्या दारातून परत आली आणि तिच्या नवऱ्याला वाटलं, झालं, संकट टळलं. माणूस चुकतो तो इथेच.

नवरा गुळाचा व्यापारी. त्याचं नाव सांगत नाही, असले गावोगाव आहेत. बाईचं नाव भिवराबाई. मुदतीच्या तापाने तिला पार वाळवून टाकलं होतं. गावातल्या वृद्ध वैद्याने उशाशी बसून, चमच्याने पेज पाजून तिला उठवलं. ताप उतरल्यावर त्याने व्यापाऱ्याला बजावलं की ताप गेला असला तरी हिची आतडी अजून न भाजलेल्या मडक्यासारखी आहेत. हिला समुद्राकाठी ने. हवापालट होऊ दे, हलकं खाऊ दे, पोटभर झोपू दे. मला झाडपाला गोळा करायचा आहे, मी रानवाटेने येऊन घाटमाथ्यावर तुम्हाला गाठतो. तोवर माझा शिष्य बरोबर राहील.

व्यापाऱ्याने एवढं सगळं ऐकलं आणि त्यातलं एकच धरलं. फिरायला जायचं आहे.

छपराची दमणी सजली, हौशा आणि नवशा ही खिलारी जोडी जुंपली. सरळ वाटेने गेले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण वाटेवर बहीण राहते, पलीकडच्या गावात चुलते, घाटमाथ्यावर तर साक्षात व्याही. एवढं जवळून गेलो आणि पायरी चढलो नाही, तर जन्मभर ऐकावं लागेल. झालं, वाट वाकडी झाली.

बहिणीने बासुंदी आटवली. वहिनी मरता मरता वाचली, तिला गोड नको का घालायला? चुलत्यांकडे तळणाची परात पुढे आली. हाडं वर आलीत बाई, खा, अंग धरेल. असं म्हणायला नुसती जीभ लागते. सोसायला आतडी लागतात, आणि ती दुसऱ्याची असतात.

भिवराबाई ताटावर हात आडवा धरायची. आपल्याकडे त्याचा अर्थ उलटाच घेतात. पाहुणी लाजते आहे, आणखी वाढा. बोटांच्या फटीतून तूप ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत.

शिष्य हे सगळं बघत होता. वडीलधाऱ्यांच्या पंगतीत तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. मात्र त्याच्याकडे औषधांची पिशवी होती. जेवण झालं की तो ओव्याची चिमूट देई, निजताना सुंठ देई, सकाळी हिरडा उगाळी. बाईला तेवढ्यापुरतं बरं वाटे. व्यापारी कौतुकाने त्याला धाकटे वैद्य म्हणू लागला, आणि ते त्यालाही गोड लागलं.

घाटमाथा आला तेव्हा बाईच्या अंगात कणकण भरली होती. तिने ती पदराखाली झाकली. दमणीतच ती नवऱ्याला म्हणाली, "आज मला नुसतं पडू द्या. पण तिथं नाही तरी कसं म्हणू? मी ताट सारलं तर माझ्यामागे पोरीला बोलणी बसतील."

तिची लेक त्याच घरात नांदत होती.

"एक वेळ जेव," व्यापारी म्हणाला. "धाकटे वैद्य आहेत की बरोबर."

वृद्ध वैद्य व्याह्यांच्या ओसरीवर आधीच येऊन बसला होता. उतरताना त्याने बाईला हाताचा आधार दिला आणि तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग वाटेत कुठे काय जेवण झालं ते त्याने शिष्याकडून ऐकून घेतलं.

आत ताटांभोवती रांगोळ्या निघाल्या होत्या. मधोमध पुरणपोळ्यांची दुरडी, शेजारी तुपाचा तांब्या. विहीणबाई पदर खोचून उभ्या. लेक स्वयंपाकघराच्या दारात, नजर जमिनीला. भिवराबाईचा हात ताटावर आडवा गेला तशा विहीणबाई हसून म्हणाल्या, "आमच्या घरचं गोड लागत नाही वाटतं? की सगळी भूक समुद्रासाठी राखून ठेवलीय?"

भिवराबाईने लेकीकडे पाहिलं. हात काढून घेतला. पोळी मोडली.

त्याच क्षणी वैद्य पाटावरून उठला. त्याने ती अख्खी दुरडी उचलली, ओसरी उतरला आणि नुकत्याच सोडलेल्या हौशापुढे नेऊन ठेवली. बैलाच्या अंगावरचा घाम अजून ओला होता. बैलाने दुरडीकडे मान खाली घातली.

विहीणबाईंचा चेहरा काळवंडला. वैद्यबाबांना काय झालं, म्हणून शिष्य शरमेने अर्धा झाला. व्यापारी मात्र उष्ट्या हाताने धावत गेला आणि वेसण धरून त्याने बैलाचं तोंड वर ओढलं.

"बाबा, काय करताय हे? पोट फुगून मरेल ना जनावर."

"का मरेल? पुरण आहे, साजूक तूप आहे. पोळ्याला चारतोसच की."

"पोळ्याला तो दावणीला बसलेला असतो. आत्ता वाट तुडवून आलाय. आधी निवू द्यायचा, मग पाणी दाखवायचं, मग सुका कडबा, तोसुद्धा बेताने. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"मला नको सांगूस. आत जाऊन तुझ्या बायकोला सांग," म्हातारा म्हणाला. "बैलाचं तुला सगळं कळतं. तीही तीच वाट तुडवून आली, आणि आजारातून उठून आली. मग ती बाई कुठल्या गोठ्यातली, की तिचं तेवढं तुला कळू नये?"

व्यापाऱ्याच्या हातातली वेसण तशीच राहिली.

"नीट ऐक," वैद्य म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "माणूस घर सोडतो तेव्हा त्याचं शरीरही प्रवासाला निघतं. पाणी बदलतं, झोप मोडते, नित्याची वेळ चुकते. धडधाकट माणसालाही जे घरी पचतं ते वाटेत पचत नाही. आणि आपण नेमकं वाटेतच त्याला दुप्पट कामाला लावतो, कारण काय, तर आलोच आहोत. विश्रांतीला निघालास, आणि हिला गावोगाव कष्टाला जुंपत आलास. बासुंदीचे झाले म्हणून ते कष्ट नव्हेत काय?"

मग तो शिष्याकडे वळला आणि त्याने काय काय दिलं ते विचारलं. शिष्याने ओवा सांगितला, सुंठ सांगितली, हिरडा सांगितला.

"म्हणजे दर वेळी पुढच्या ताटाला जागा करून दिलीस. औषध द्यायला तुला पाठवलं नव्हतं मी. नको म्हणायला पाठवलं होतं. तिला म्हणता येत नव्हतं. तुला येत होतं."

शिष्य आत बाईपाशी गेला.

त्याच दिवशी बाईचा ताप चढला. पुढे किती तरी दिवस त्या घरात कोणी समुद्राचं नाव काढलं नाही. व्यापारी उंबऱ्यावर बसून राहायचा. बैल मात्र वेळच्या वेळी पाणी पिऊन, कडबा खाऊन खुशाल होते. शिष्य उशापासून हलला नाही. कोणी ख्यालीखुशाली विचारायला आलं आणि बरोबर लाडू-बिडू घेऊन आलं, की तो दारातच हात जोडून परत पाठवी. लोक त्याला उर्मट म्हणाले. म्हणू देत. हल्ली मोटारीने हवा खायला जाणारे पहिल्याच संध्याकाळी पोट धरून खोलीत पडतात, त्यांच्याबरोबर असा एखादा उर्मट माणूस असता तर बरं झालं असतं.

मग एका सकाळी ताप निघाला. बाईने डोळे उघडले आणि काहीतरी पातळ मागितलं.

विहीणबाईंनी स्वतः पेज केली, मीठ घातलं, वाटी घेऊन अंथरुणाशी बसल्या. लेक आईला टेकून बसली होती. भिवराबाईने अर्धी वाटी घेतली आणि सवयीने तिचा हात वाटीवर आडवा गेला.

विहीणबाई थबकल्या. जन्मभराचा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला सगळ्यांना दिसला. "अजून थोडी" असं त्या म्हणाल्या नाहीत. उरलेली वाटी त्यांनी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

शिष्याने ते पाहिलं, आणि उघडायला घेतलेली पिशवी पुन्हा बांधली.