जांभई देणारा बटाटा

बटाटे बोलत असत आणि बहुतेक वेळ फुशारक्याच मारत असत, त्या काळची गोष्ट. गोदूबाईच्या पडवीत बियाण्याचा ढीग होता. त्यातल्या लाल बटाट्याला लवकरच कोंब फुटले.

“ऊठ की आळशा!” तो शेजारच्या पांढऱ्यावर खेकसला.

पांढऱ्याने जांभई दिली. “आमच्या रसातच झोप आहे, आईकडून आलेली. ती ओसरल्याशिवाय डोळे उघडत नाहीत.”

“बहाणे नकोत! मनगटात जोर लागतो.”

“बटाट्याला मनगट कुठलं?”

पेरणी लांब होती. कोंब वाढले, लाल सुरकुतला. “मेला घाईघाईनं म्हातारा झाला,” म्हणत गोदूबाईने त्याला उकिरड्यावर भिरकावलं.

पांढरा नेमका पेरणीला जागा झाला आणि सरीत गेला. काढणीला त्याची पोरं मातीतून बाहेर आली, ती घोरतच.