लाखेची मोहोर आणि बिनबैलाचा रथ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलायचे आणि माणसं ऐकून घ्यायची. आता माणसं बोलतात आणि बैल ऐकून घेतात, म्हणून तर जगाचं असं झालंय.

त्या काळी एका गावात एक तेली राहायचा. त्याचा घाणा मोठा, तेल चोख, आणि नदीकाठी तिळाचं एक शेत. शेत असं देखणं, की फुलोऱ्यावर आलं म्हणजे रस्त्याने जाणारे विनाकारण थांबायचे. घाण्याला कोशा नावाचा म्हातारा बैल होता. तोंडाने फटकळ. पण मालकाचं त्याच्यावाचून पान हलत नसे, म्हणून कोणी त्याला काही बोलत नसे.

तेल्याच्या बायकोची कंबर धरायची. बैलगाडीचे धक्के तिला सोसत नसत. तिची थोरली बहीण घाटापलीकडच्या गावात दिली होती, आणि दोघींची भेट वर्षातून एकदाच, तिथल्या जत्रेत. दोन वर्षं कंबरेपायी ती भेट चुकली. बाई जत्रेच्या दिवशी नुसती घाटाकडे तोंड करून भाजी निवडत बसली. तेल्याला ते पाहवलं नाही. तो उठला, राजधानीला गेला आणि रथ घेऊन आला.

रथ कसला म्हणता? बिनबैलाचा. किल्ली पिळली की आपला आपण चालायचा. गादी अशी मऊ, की बसलेला माणूस पोचायच्या आधीच झोपी जायचा. बैठकीखाली एक पितळी पेटी होती. सगळी करामत त्या पेटीत. पेटीच्या झाकणावर लाखेची लाल मोहोर होती.

रथकार म्हणाला होता, "शेठ, माझं वचन आहे. तिसऱ्या दसऱ्यापर्यंत काही मोडलं, बिघडलं, तर एक कवडी न घेता करून देईन. फक्त ही मोहोर फुटता कामा नये. मोहोर फुटली की वचन फुटलं."

झालं. त्या दिवसापासून तेल्याने रथ कमी सांभाळला आणि मोहोर जास्त सांभाळली. मोहोरेवर ऊन येऊ नये म्हणून खादीची टोपी शिवून घेतली. गावातली पोरं रथाजवळ आली की हा काठी घेऊन धावे. तेलीण दर शुक्रवारी मोहोरेला हळदकुंकू वाही. देव्हाऱ्यातल्या देवांना थोडं वाईट वाटलं असेल, पण ते काय करणार.

कोशाला हा रथ पहिल्यापासून खटकायचा. "बैल नाही म्हणजे शेण नाही," तो म्हणायचा. "शेण नाही तर गोवऱ्या कशाच्या थापणार? चांगलं चाललंय तुमचं."

वचनाच्या काळात काहीसुद्धा मोडलं नाही. तेलीण दर जत्रेला बहिणीला भेटून आली. तेल्याला मनातून चुटपुट लागली होती, की एखादं चाक तरी निखळावं, फुकटात नवं मिळेल. हसू नका. तुम्हीही तसेच आहात.

तिसरा दसरा आला. रथाला झेंडूची माळ घातली, सोनं म्हणून आपट्याची पानं वाहिली, नारळ फोडला. वचन संपलं. यंत्राला वाचता येत नाही म्हणतात, पण तिथी त्याला बरोबर कळते. दिवाळीच्या आधीच बाजारातून येताना रथाच्या पोटातून कुरकुर आली, मग खरखर आली, आणि ऐन वेशीत, सगळं गाव पारावर बसलेलं असताना, रथ उभा राहिला तो राहिलाच.

तेल्याने किल्ली पिळली. रथाने नुसता उसासा टाकला.

शेवटी घरून कोशाला आणलं. बिनबैलाचा रथ बैलाने ओढत नेला. पारावरचा न्हावी म्हणाला, "शेठ, नवीन रथाला जुनं यंत्र जोडलंत वाटतं."

कोशा मान ताठ करून चालला होता. एरवी सरळ जाणारा तो त्या दिवशी मुद्दाम तिन्ही गल्ल्या फिरून घरी गेला.

तेल्याने राजधानीला निरोप धाडला. रथकाराचा कारभारी आला. रेशमी उपरणं, कानात अत्तराचा बोळा. त्याने पेटीवर टिचकी मारली, कान लावला, डोळे मिटले.

"काळीज गेलंय," तो म्हणाला.

"कोणाचं?" तेलीण घाबरली.

"रथाचं हो, बाई. अख्खं काळीज नवं घालावं लागणार. आणि ते राजधानीतच होतं."

"मग करा की," तेली म्हणाला. "किती पडतील?"

कारभाऱ्याने घराकडे पाहिलं, घाण्याकडे पाहिलं, मग खिडकीतून नदीकाठी पाहिलं. "ते तिळाचं शेत तुमचंच ना? तेवढ्यात भागेल."

तेली मटकन ओट्यावर बसला. "अहो, शेत गेलं तर मी घाण्यात काय घालू? माझं पागोटं?"

"तसं म्हणाल तर रथ असाच ठेवा. शोभेला छान आहे. फक्त मोहोरेला हात लावू नका हं. आतली विद्या निराळी असते. तुमचं काम नव्हे." एवढं बोलून, वाटीभर तिळगूळ खाऊन, कारभारी गेला.

जत्रा जवळ येत चालली. थोरल्या बहिणीचा सांगावा आला होता. तिला आता नीट दिसत नव्हतं. "हाताने चाचपून ओळखीन, पण ये," एवढंच तिने म्हटलं होतं. तेलीण नवऱ्याला म्हणाली, "शेत विकायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला. मी नाही जात जत्रेला." आणि भाजी निवडायला बसली. तोंड घाटाकडे.

तेली घाण्यापाशी आला. कोशा गोल गोल फिरत होता. डोळ्यांवर झापड, गळ्यात घुंगरू. घाणा कुरकुरत होता. तेली आपल्याच विचारात बडबडत होता, रथकाराला शिव्या देत होता, आणि बडबडता बडबडता त्याने चिंधी तेलात बुडवली, घाण्यातला उभा लाकडी दांडा, म्हणजे लाट, जिथे घासत होती तिथे पिळली, एक पाचर ठोकून घट्ट केली. कुरकुर थांबली. त्याच्या शिव्या मात्र थांबल्या नाहीत.

कोशा थांबला. "मालक, आत्ता तुम्ही काय केलंत?"

"कुठे काय केलं?"

"घाणा गप्प केलात. बघितलंतसुद्धा नाही. त्या रथाची कुरकुर ऐकून तुम्हाला काय वाटलं होतं?"

"वाटलं, कोरडं पडलंय," तेली सहज म्हणाला.

"मग तेल का नाही घातलं? एवढं तेल आहे घरात, की पाय घसरून माझी कंबर मोडायची वेळ आलीय."

"वेडा आहेस का? पेटीला मोहोर आहे."

"मोहोर कशाला?"

"वचनासाठी."

"वचन कुठे आहे?"

"संपलं की दसऱ्याला."

"मग मोहोर आता कोणाची राखण करते?"

तेल्याने चिंधी पुन्हा तेलात बुडवली.

"माझ्या डोळ्यांवर एवढी मोठी झापड बांधता," कोशा म्हणाला, "का, तर मला गरगरू नये. ते ठीक आहे, मी बैल आहे. तुमच्यावर त्या रथकाराने टिकलीएवढी लाख चिकटवली आणि तुम्ही पार आंधळे झालात. मला तर तुमचा हेवा वाटतो. स्वस्तात झालं."

तेली रागावला. रागावून घरात गेला, घरातून रथाकडे गेला, रथाकडून परत घरात आला. मग हातात अडकित्ता घेऊन पेटीसमोर उभा राहिला. वाटलं, फोडली आणि आतून काही निघालं तर? जाळ निघाला तर? राजधानीला कळलं तर?

तेलीण स्वयंपाकघरातून बघत होती. ती पदर खोचून आली, हातात खलबत्त्यातला बत्ता. "बाजूला व्हा. एवढी वर्षं हळदकुंकू मी वाहिलंय. उतरवायचा मानही माझाच." तिने मोहोरेला नमस्कार केला आणि बत्ता घातला. टप्. लाखेचे दोन तुकडे झाले.

जाळ निघाला नाही. झाकण उघडलं तर आत, तळाच्या फटीतून शिरलेली एक उंदरीण, तिची पिल्लं, आणि तेल्याच्या हरवलेल्या उपरण्याचं मऊमऊ घरटं.

"दार वाजवून यायची रीत आहे की नाही तुमच्यात?" उंदरीण म्हणाली. "इथे कोणी येत नाही असं कळलं होतं, म्हणून बिऱ्हाड केलं."

तिची समजूत घालून तिला धान्याच्या कोठीजवळ जागा दिली, आणि नवरा-बायको आत वाकले. चामड्याचा एक पट्टा उंदरिणीने कुरतडला होता. चक्रं होती, कमानी होत्या, सगळी हाडासारखी कोरडी. तेल्याच्या दारात उभा असलेला रथ तेलावाचून मेला होता. तेल्याने ते पाहिलं, कपाळावर हात मारला आणि मग एवढा हसला, की तेलिणीला वाटलं आता याचंच काळीज गेलं.

आता तुम्हाला वाटत असेल की त्याने थेंबभर तेल घातलं आणि रथ उडाला. तसं नाही. सगळं उतरवून, पुसून, तेल पाजून परत बसवलं तर एक चक्र हातात उरलं. ते कुठलं, कोणाला आठवेना. तरी किल्ली पिळली. रथ चालला, पण मागे चालला, आणि विहिरीवरच्या बायका घागरी टाकून पळाल्या. न्हावी म्हणाला, "चांगलं आहे, तुम्ही जत्रेहून आधी परत याल आणि मग जाल."

पुन्हा उतरवलं. एका चक्राचे दात झिजून गेले होते, ते कासाराकडून नवं ओतवून घ्यावं लागलं. त्याला पैसे पडले, आणि तेल्याला ते देताना दुखलंसुद्धा. पण त्यासाठी शेत विकावं लागलं नाही, बायकोच्या बांगड्याही नाहीत. पट्टा चांभाराने नवा शिवून दिला. मजुरी म्हणून तो तेलाचा एक बुधला घेऊन गेला.

मग रथ पुढे चालला. पहिल्यासारखा गप्प नाही. चढावर गुरगुरायचा, उतारावर शिंकायचा. पण कोणती गुरगुर कशाची, हे आता तेल्याला पाठ होतं. घाटात एकदा थांबला तेव्हा तेली खाली उतरला, झाकण उघडलं, दोन पाचरा ठोकल्या, हात पुसले आणि पुन्हा बसला. तेलीण उशीला टेकून गुणगुणत होती.

जत्रेत थोरली बहीण पारावर बसली होती. धाकटीने तिचा हात आपल्या गालावर ठेवला. थोरलीने गाल चाचपले, नाक चाचपलं, आणि म्हणाली, "जाडी झालीस गं." मग दोघी रडल्या, हसल्या, आणि रथाच्या मऊ गादीवर बसून तिळाच्या वड्या खात राहिल्या.

जत्रेत कारभारीही आला होता, गिऱ्हाईकं शोधत. त्याने रथ ओळखला. झाकण सताड उघडं, मोहोरेचा पत्ता नाही.

"मोहोर कोणी फोडली?" त्याने दरडावून विचारलं.

"मी," तेलीण म्हणाली. "बत्त्याने."

"म्हणजे आमचं वचन संपलं. ध्यानात ठेवा."

"ते दसऱ्यालाच संपलं, भाऊ. तुम्हीच ध्यानात ठेवायचं विसरलात. वडी घ्या."

कारभाऱ्याने वडी घेतली. खाता खाता इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, ओळखीचं कोणी नाही असं बघितलं आणि हळूच पेटीत डोकावला. बराच वेळ डोकावला.

"हे असं असतं होय आत?" तो म्हणाला.

तेली त्याच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुम्ही कधी बघितलं नव्हतं?"

"मोहोर असते ना त्याला," कारभारी म्हणाला आणि आणखी एक वडी उचलली.

तेल्याने त्याला शेजारी बसवून घेतलं आणि एकेक चक्र बोटाने दाखवत समजावून सांगितलं. कारभारी मन लावून ऐकत होता. त्या वर्षी नदीकाठचे तीळ भरघोस आले, आणि तेलीण पुढच्या सगळ्या जत्रांना गेली.

तात्पर्य : दुसऱ्याचं वचन संपतं तिथून वस्तू खरी आपली होते, म्हणून तिचं झाकण उघडायला भिऊ नये.